मैदान 'इत्यादी'त नको

डहाणू तालुक्यातल्या वरोर गावात क्रिकेटची वेळ घड्याळ ठरवत नाही, ओहोटी ठरवते. पाणी मागे सरलं की ओली, घट्ट वाळू उघडी पडते, पोरं फळकुटाच्या यष्ट्या रोवतात आणि भरती परत येईपर्यंत सामना चालतो. त्याच किनाऱ्याच्या वरच्या अंगाला मासळी सुकते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, संध्याकाळी म्हातारी माणसं टेकतात. एकच जागा, दिवसभरात चार कामं. नकाशावर हिरवा रंग भरून वर 'क्रीडांगण' लिहावं अशी ती जागाच नाही. दिवसातून दोनदा ती पाण्याखाली जाते.

या अंकाचं संपादकीय वरोरपासून सुरू करायला कारण आहे. गावाच्या शेजारी, वाढवणच्या समुद्रात, देशातलं सर्वांत मोठ्यांपैकी एक बंदर उभं राहतंय. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, १०.१४ किलोमीटरचा लाटरोधक बंधारा, महामार्गापर्यंत ३२ किलोमीटरचा नवा रस्ता. दादरचं शिवाजी पार्क साधारण सव्वाअकरा हेक्टरचं आहे. म्हणजे नुसत्या भरावातच तशी सव्वाशेहून जास्त मैदानं मावतील. आणि बंदरामागून शहर येणार. 'चौथी मुंबई' हा शब्द सरकारी भाषणांत रुळलाही आहे.

शहर येतं तेव्हा बगीचे येतात, क्रीडासंकुलं येतात, सुशोभित किनारे येतात, सेल्फी पॉइंट येतात. हे सगळं कुणाला विचारून येतं, हा आजचा विषय आहे. बंदर हवं की नको यावर वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती वर्षानुवर्षं बोलते आहे, तिच्याइतकं ठामपणे आणि माहितीनिशी ते मी इथे मांडू शकणार नाही. मी एका लहान, बाजूला पडणाऱ्या गोष्टीबद्दल लिहितेय: खेळण्याची, बसण्याची, फिरण्याची जागा. या गोष्टीवर आपल्या मोहल्ल्यांचं आणि वरोरचं दुखणं एकच आहे, असं माझं मत आहे.

गेल्या हिवाळ्यात मी चिंचणीवरून वरोरला गेले होते. किनाऱ्यावर एक मावशी सुकी मासळी उलटवत बसल्या होत्या. मी विचारलं, इथे शहर झालं तर काय काय व्हावं असं वाटतं? त्यांनी मान वर न करता सांगितलं, "उद्या बागपण देतील. बागेत बोंबील सुकत नाहीत."

नियोजनाच्या पुस्तकांत हा विचार दोनशे पानांत सापडतो, मावशींनी तो एका वाक्यात उरकला. सुधारणा म्हणून जे येतं ते आधीच्या वापराला हुसकावूनही येऊ शकतं. पेव्हर ब्लॉक टाकले, रेलिंग लावलं, 'येथे कपडे, मासळी वाळत घालू नये' अशी पाटी लावली की कागदावर किनाऱ्याचा विकास झाला. जे लोक ती जागा रोज वापरत होते, ते त्या दिवसापासून अतिक्रमण ठरतात.

कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहण्यासारखं आहे. २०११ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत एक चांगली तरतूद आहे. मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा आणि दवाखाने, रस्ते, शाळा इत्यादी सुविधा मोठ्या प्रमाणावरच्या, गट क्रमांक दिसतील अशा नकाशांवर दाखवाव्यात, असं ती सांगते. यादी वाचताना बरं वाटतं. कुणीतरी किनाऱ्यावरचं जगणं जवळून पाहिलेलं दिसतं. पण मैदान कुठे आहे? ते 'इत्यादी'त आहे. जी गोष्ट 'इत्यादी'त असते ती दाखवायची की नाही हे नकाशा काढणाऱ्याच्या मर्जीवर राहतं, आणि नकाशा काढणारा बहुधा ओहोटीच्या वेळी तिथे आलेला नसतो.

डहाणूला नियोजनाचा इतिहास नाही असं मात्र कुणी समजू नये. उलट महाराष्ट्रात क्वचितच कुठल्या तालुक्याच्या जमिनीवर इतका कागद लिहिला गेला असेल. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकर, भोवती २५ किलोमीटरचा राखीव पट्टा, आणि हिरवे पट्टे, वाड्या, आदिवासी भाग स्पष्ट दाखवणारा आराखडा करण्याची सक्ती. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये याची अंमलबजावणी करायला लावली आणि त्यातून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं होतं. याच प्राधिकरणाने, अध्यक्ष आणि काळ बदलल्यावर, ३१ जुलै २०२३ रोजी बंदराला ना-हरकत दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मधल्या पंचवीस वर्षांत समुद्र तोच राहिला.

जानेवारी २०२४ मध्ये पालघरला बंदराची जनसुनावणी झाली. जनसुनावणी ही आपल्याकडची विलक्षण गोष्ट आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ती घ्यावी लागते, तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. सारांश! मूळ अहवाल इंग्रजीत असला तरी चालतो. शेकडो पानांपैकी कोळी माणसाच्या वाट्याला येतात ती सारांशाची थोडी पानं, आणि त्यांच्या आधारे त्याने प्रवाह, गाळ, माशांची पैदास, यांवर तज्ज्ञांसमोर बोलायचं. अशा मांडवात उभं राहून "साहेब, पोरांनी खेळायचं कुठे?" असं विचारायला कुणाची जीभ रेटणार? होडीच जाणार असेल तर बॅट-बॉलचं काय घेऊन बसलात, असं आपल्याच माणसांना वाटेल.

भाषेचा मुद्दा इथेच पुरा करते, कारण हे नियतकालिक दोन भाषांत निघतं ते हौस म्हणून नव्हे. २०२० मध्ये केंद्राने याच पर्यावरण अधिसूचनेचा नवा मसुदा हरकतींसाठी काढला तो फक्त इंग्रजी आणि हिंदीत. एका पर्यावरण कार्यकर्त्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मसुद्याचा अनुवाद आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत करायला सांगितलं, मुदतही वाढवली. एका माणसाने 'मला वाचता येत नाही त्या भाषेत माझं मत विचारू नका' एवढंच म्हणायचं ठरवलं आणि बावीस भाषांचं दार उघडलं. मराठी वाचणाऱ्या प्रत्येक तरुणाने हे लक्षात ठेवावं. आपल्याकडे घरात बोलायची एक भाषा, मदरशात वाचायची एक, शाळेत तिसरी आणि सरकारी कागदाची चौथी असते. तरीही सरकारी मराठी वाचता येणारा एक माणूस प्रत्येक गल्लीत असतोच. बहुतेकदा ती अकरावी-बारावीतली एखादी मुलगी असते.

आता आपल्या गल्ल्यांकडे येऊ.

मुंबईत दरडोई मोकळी जागा किती, याचा नेहमी दिला जाणारा आकडा १.२४ चौरस मीटर आहे. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत अपेक्षा १० ते १२ चौरस मीटरची. म्हणजे मुंबईकराच्या वाट्याला एक जानमाज अंथरून थोडीशी उरेल एवढी जमीन येते. तीही सरासरी. चर्चगेटच्या ओव्हल मैदानाची आणि गोवंडीच्या शिवाजीनगरची बेरीज करून भागाकार केलेली. शिवाजीनगर ज्या एम-पूर्व विभागात येतं, तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरात तळाला होता. तिथे मोकळी दिसणारी सर्वांत मोठी जागा देवनारची कचराभूमी आहे.

या शहराचा विकास आराखडा कसा बदलला हे आज विशीत असलेल्या वाचकांना कदाचित आठवत नसेल, तेव्हा ते शाळेत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. त्यात उभ्या घरांवरून रस्ते गेले होते, असलेल्या वास्तू गायब होत्या, मोकळ्या जागांचं प्रमाण दरडोई दोन चौरस मीटरवर आणलं होतं. लोकांनी साठ हजारांहून जास्त हरकती आणि सूचना दिल्या. त्यात उच्चभ्रू वस्त्यांतल्या रहिवासी संघटना होत्या, तसंच झोपडपट्ट्यांत नकाशे नेऊन लोकांबरोबर वाचणारं 'हमारा शहर विकास नियोजन अभियान'ही होतं. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा मागे घेऊन दुरुस्त करायला लावला. मे २०१६ मध्ये नवा मसुदा आला, पुन्हा हजारो हरकती आल्या, आणि मे २०१८ मध्ये सरकारची मंजुरी मिळून सप्टेंबरपासून आराखडा लागू झाला. सगळं मनासारखं झालं असं नाही. पण देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला आपला नकाशा परत घ्यावा लागला, आणि तो घ्यायला लावण्यात लोकांनी भरलेल्या साध्या कागदांचा वाटा मोठा होता.

हरकतीचा कागद आणि घोषणेचा फलक यांत मला फरक दिसतो, तो मालवणीच्या उदाहरणाने सांगते. मालाडच्या मालवणीत एका मैदानाचं नूतनीकरण झालं, २६ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन मंत्री अस्लम शेख यांनी उद्घाटन केलं. टिपू सुलतानच्या नावावरून रस्त्यावर आंदोलन झालं, पोलीस आले, वाहिन्यांवर आठवडाभर इतिहासाचा तास चालला. पुढच्या वर्षी, सरकार बदलल्यावर, नाव काढण्याचे आदेश निघाले. एक बाजू नाव लावून जिंकली, दुसरी काढून जिंकली. दाट वस्तीतल्या त्या मैदानावर दिवे किती, पाणी कुठे जातं, शौचालय आहे का आणि त्याची चावी कुणाकडे असते, मुली किती वाजेपर्यंत खेळू शकतात, हे प्रश्न मला तरी त्या दिवसांच्या बातम्यांत सापडले नाहीत. टिपूबद्दल मला आदर आहे. तरीही निवड करायची वेळ आली तर मी पाटीऐवजी दिव्याच्या खांबासाठी भांडेन. पाटी लावणारा आणि पाटी काढणारा दोघंही उद्घाटन करून निघून जातात, अंधार आपल्याकडे राहतो.

याच्या उलट मुंब्रा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर घरं सोडून आलेल्या माणसांनी भरलेलं हे शहर. तिथे 'परचम' या संस्थेने, सबा खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, २०१२ च्या सुमारास मुलींचं फुटबॉल सुरू केलं. मैदानावर मुलांचा ताबा होता. मुलींनी काय केलं? त्यांनी आधी दार ठोठावत सह्या गोळा केल्या. आई-वडिलांच्या, शेजाऱ्यांच्या, दुकानदारांच्या. मग तो कागद घेऊन आमदारांकडे गेल्या आणि मुलींना निर्धास्त खेळता येईल अशी जागा मागितली. मला यात फुटबॉलपेक्षा सह्यांचा भाग जास्त मोठा वाटतो. एकेका दारात उभं राहून 'आम्हाला खेळायला जागा हवी, तुमची सही द्या' असं पंधरा वर्षांच्या मुलीने म्हणणं, म्हणजे तिथल्या तिथे घेतलेली जनसुनावणी. कुठल्याही अधिसूचनेत न सांगितलेली, पण सरकारी मांडवातल्या सुनावणीपेक्षा खरी. सही देताना प्रत्येक घराला त्या मागणीवर मत बनवावं लागलं. काहींनी नाही म्हटलं असेल. नाही म्हणणाऱ्यालाही प्रश्न ऐकावा तर लागलाच.

मुलींचा विषय काढला की कुणीतरी म्हणतं, मैदान सगळ्यांचं असतं, वेगळं कशाला? याला उत्तर व्हिएन्ना शहराने आकड्यांत दिलं आहे. १९९० च्या दशकात तिथल्या पालिकेने बागांमध्ये कोण येतं याचा अभ्यास करवला. साधारण नऊ वर्षांनंतर बागेत मुलींची संख्या झपाट्याने घटत होती, मुलांची नाही. कुणी मनाई केली नव्हती. मोठं, एकसंध, कुंपणाचं एकच मैदान असलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं ते होतं, एवढंच. १९९९ मध्ये मार्गारेटन भागातल्या दोन बागांची रचना बदलली. जास्त पायवाटा, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसाठी जागा, मोठ्या भागाचे छोटे भाग, बसायच्या जागा. मुली परत आल्या. हा युरोप आहे, बुरख्याचा प्रश्न नाही, दंगलीची भीती नाही, तरी हे झालं. तेव्हा आपल्याकडच्या मुली मैदानावर दिसत नाहीत याचा दोष फक्त आपल्या घरांवर टाकून मोकळं होणाऱ्यांनी कधीतरी मैदानाचा आराखडाही पाहावा. आणि सगळा दोष आराखड्यावर टाकणाऱ्या भावांनी, संध्याकाळी सहा ते आठ खेळपट्टी कुणाकडे असते ते पाहावं.

तरुण मित्र मला विचारतात, आणि त्यांचा प्रश्न खोटा नाही: नोकरी नाही, घर भाड्याने मिळत नाही, रोज नवी भीती, त्यात तुम्ही बगीच्याचं काय घेऊन बसलात? मला वाटतं, मोठ्या प्रश्नांच्या सावलीत लहान प्रश्न गप्प बसवण्याची ही सवय आपल्याला महाग पडते. बंदराच्या सुनावणीत मैदान विचारायला संकोच वाटतो, दंगलीच्या आठवणीत शौचालय विचारायला. पण महापालिकेशी, ग्रामपंचायतीशी, नियोजन अधिकाऱ्याशी नागरिक म्हणून बोलायची सवय लागते ती याच लहान प्रश्नांवर. इथे हरलात तर जीव जात नाही. इथे जिंकलात तर दिवा लागतो. आणि दर वेळी समाजाच्या वतीने कुणी पुढारी बोलेल याची वाट पाहावी लागत नाही. रहिवासी म्हणून बोलायला पुढारी लागत नाही.

रहिवाशांना बोलायचा हक्क आहे का, हा वादही कधीचा निकाली निघाला आहे. बंगळुरूत उद्यानासाठी राखलेली जागा एका खासगी ट्रस्टला रुग्णालय बांधायला दिली गेली. रहिवासी न्यायालयात गेले. तुमचा काय संबंध, जागा तुमच्या मालकीची आहे का, असं त्यांना विचारलं गेलं. १९९१ मध्ये, म्हणजे डहाणूची अधिसूचना निघाली त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उद्यान ही रहिवाशांच्या जगण्याशी जोडलेली गोष्ट आहे आणि ती वाचवायला ते न्यायालयात येऊ शकतात. रुग्णालयासारख्या चांगल्या कामासाठीही मोकळी जागा परस्पर देता येणार नाही, असं त्या निकालाने ठरवलं. आपल्याकडे मोकळ्या जागेवर काहीही बांधायचं तर आधी तिथे चांगल्या कामाचा बोर्ड लागतो, म्हणून हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा. चांगल्या कामात समाजमंदिर आलं, वाचनालय आलं, आणि आपण प्रामाणिक असू तर प्रार्थनास्थळाची वाढीव भिंतही आली.

आता थोडं कामाचं.

शहरात राहत असाल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हे नाव पाठ करा. विकास आराखड्याचा मसुदा निघाला की कलम २६ खाली हरकतींसाठी ठरावीक मुदत मिळते, पुढे नियोजन समिती सुनावणी घेते. नुसतं आरक्षण बदलायचं असेल तरी कलम ३७ खाली सूचना काढावी लागते. ही सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टायपात, निविदांच्या शेजारी येते. ती वाचायचं काम मोहल्ल्यात कुणीतरी अंगावर घ्यावं. मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळांशेजारी ती चिकटवली तर कुणाची हरकत नसावी.

मैदानाचं नुसतं नूतनीकरण असेल तर आराखड्याची सुनावणी होत नाही, थेट निविदा निघते. इथेच सगळं गुपचूप ठरतं. कोणत्या कामाला किती, हे अंदाजपत्रकात असतं आणि ते माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत मागता येतं, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मी एका पालिकेत (नाव सोडा, कुठलीही असू शकली असती) एका बागेचं अंदाजपत्रक मागितलं होतं. तिसऱ्या फेरीला मिळालं. प्रवेशद्वाराच्या कमानीवर जितका खर्च धरला होता त्याहून कमी खर्च पाण्याच्या निचऱ्यावर होता. पावसाळ्यात त्या बागेत कमानीतून आत गेलं की घोटाभर पाणी असतं. शिवाजी पार्कसारख्या मानाच्या मैदानावर लाल माती टाकली आणि आजूबाजूचे रहिवासी वर्षानुवर्षं धुळीची तक्रार करत राहिले, तर आपल्या वस्तीतल्या ठेकेदाराला वाऱ्याची दिशा कोण विचारणार? निविदेच्या आधी विचारावं लागतं.

वरोरसारख्या गावात हत्यारं वेगळी आहेत आणि खरं तर जास्त धारदार आहेत. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे नियम लागू आहेत. भूसंपादनाआधी ग्रामसभेचा सल्ला घ्यावा लागतो, सामूहिक साधनसंपत्तीचं रक्षण हा तिचा अधिकार मानला आहे, पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींकडे थेट येतो आणि पायाभूत सुविधा हा त्याच्या खर्चाचा एक मान्य भाग आहे. म्हणजे गावाने ठरवलं तर कुणाच्या सामाजिक दायित्व निधीची वाट न पाहता किनाऱ्यालगत कपडे बदलायची खोली, पाण्याचा नळ, एखादा दिवा करता येईल. किनाऱ्याचं स्वरूप न बदलता.

त्याआधी मात्र ती जागा कागदावर यावी लागेल. 'चौथ्या मुंबई'चा आराखडा कुणीतरी, कुठल्या तरी कार्यालयात, उपग्रहाच्या छायाचित्रावर काढेल. भरतीच्या वेळचं छायाचित्र असलं तर वरोरचं मैदान त्यात नसेलच. म्हणून ग्रामसभेने आपला नकाशा आधीच करून ठेवावा, असं मी तिथल्या काही तरुणांना सुचवलं. डायमेकिंगच्या कामावर जाणारी ती पोरं आहेत. दागिन्यांच्या साच्यावर केसाएवढी रेघ कोरणाऱ्या हातांना नकाशा अवघड नाही. त्यांनी तिथेच वहीत पहिली ओळ लिहिली: "सदर जागेचा वापर – खेळ, मासळी सुकवणे, होड्या ठेवणे, लग्नाची पंगत. वापराची वेळ – पाण्याप्रमाणे." सरकारी मराठीत याहून चांगलं वाक्य मी बऱ्याच दिवसांत वाचलेलं नाही.

एकाने शंका काढली, हे कोण मान्य करणार? मी म्हटलं, ठरावाच्या वहीत नोंदलं गेलं की निदान 'तिथे काही नव्हतं' असं कुणाला म्हणता येणार नाही. वांद्रे-कुर्ल्यापासून उरणपर्यंत प्रत्येक भरावाच्या आधी 'तिथे काही नव्हतं' हे वाक्य येतं. खाजण म्हणजे काही नाही, ओहोटीची वाळू म्हणजे काही नाही, झोपडपट्टीतला कोपरा म्हणजे काही नाही.

आमच्या वाचकांपैकी डहाणू, चिंचणी, तारापूर, बोईसरला राहणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी एक काम ठरवलं आहे. येत्या ग्रामसभांच्या आधी आपल्या गावातली, वॉर्डातली खेळायची प्रत्येक जागा पायी फिरून नोंदवायची: कोण वापरतं, कधी वापरतं, कोण वापरू शकत नाही आणि का. ईदगाहचं पटांगण वर्षातले उरलेले दिवस कसं वापरलं जातं तेही लिहा, तो विषय अवघड आहे म्हणून गाळू नका. कोळीवाड्यात, वारली पाड्यावर जाताना आपण शिकवायला चाललोय अशा थाटात जाऊ नका. किनाऱ्याबद्दल त्यांना विचारायचं आहे. नोंदी मराठीत किंवा उर्दूत पाठवा, दोन्ही छापू.

आणि ग्रामसभेच्या आधी कायद्याने महिला सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती फक्त सह्यांच्या वहीत होते. तिची तारीख आणि वेळ ग्रामसेवकाकडून लेखी मागा. लेखी मागितली की ती ठरवावी लागते. मुंब्र्याच्या मुलींपैकी कुणी यायला तयार असेल तर वरोरच्या महिला सभेत त्यांनी सह्यांची गोष्ट सांगावी, अशी माझी इच्छा आहे. डहाणू लोकलने सव्वादोन-अडीच तास लागतील. मासळीबाजाराची वेळ टाळून सभा दुपारी ठेवा, नाहीतर ज्यांचं ऐकायचं त्याच बाजारात असतील.